इस्रायलहून इस्रायल आळीत

अलिबागेत मागेन अबोथ हे सिनेगॉग ज्या गल्लीत आहे तिला इस्रायल आळी म्हणतात. १९५० नंतरची पंचवीस-तीस वर्षं पोस्टमन या आळीत जी निळसर, पातळ हवाई पत्रं टाकून जायचा, त्यांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इस्रायल हा देश असायचा आणि घेणाऱ्याच्या पत्त्यात इस्रायल ही आळी. मजकूर चोख मराठी. सुरुवातीला ‘तीर्थरूप’, शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ आणि मधे कुठेतरी ‘शालोम’. बीरशेबात कांदा काय भावानं मिळतो, डिमोनात पाऊस कसा नावालाच पडतो, धाकटा हिब्रू शाळेत जायला किती रडला, नव्याच्या सणाला चिकाचा हलवा करायचा तर गहू मिळाला पण नारळ कुठून आणायचा, हे सगळं त्या एका कागदावर कोपरान् कोपरा भरून लिहिलेलं. पुढच्या पानांत अशी पत्रं आहेत, आणि त्यांच्या जोडीला रायगड, मुंबई, ठाणे, पुणे इथल्या आणि इस्रायलमधल्या घरांतून निघालेले फोटो.

ज्यांची ही पत्रं, त्या बेने इस्रायलांविषयी थोडक्यात सांगायला हवं. हे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच किनाऱ्यावर पुरलं. गलबत कुठून निघालं आणि कोणत्या शतकात फुटलं, यावरचा विद्वानांचा वाद मिटलेला नाही आणि या पुस्तकाला तो मिटवायचाही नाही. गावोगावी हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आडनावं गावांवरून पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर, अष्टमकर. नावंही इथल्याच वळणाची, सॅम्युएलचा समाजी आणि इझिकेलचा हसाजी. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे समाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. भारत स्वतंत्र झाला तेव्हा हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. आज इथे चार-पाच हजार माणसं उरली आहेत. इस्रायलमध्ये त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या नांदताहेत, त्यांची संख्या इथल्याहून कित्येक पटींनी जास्त आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही.

या घरांत कागद जपले जात नव्हते असं मुळीच नाही. ट्रंक उघडली की तळाशी कापडात गुंडाळलेलं एक पुडकं हमखास निघतं. त्यात आजीचा कतुबा म्हणजे विवाहाचा करारनामा, सिनेगॉगचा दाखला, खापरपणजोबांच्या फौजेतल्या पेन्शनीचे कागद, शाळा सोडल्याचा दाखला. पत्रं मात्र निघतात ती हातशिलाईच्या यंत्राच्या खणात, बिस्किटांच्या डब्यात, नाहीतर कॅलेंडरमागे अडकवलेल्या पिशवीत, ती सुद्धा नशीब असेल तर. ही वाटणी आपोआप झाली असं मला वाटत नाही. तिच्यामागे १९६२ ते १९६४ या वर्षांचा एक कडू अनुभव आहे.

यहुदी धर्मशास्त्रात घटस्फोटाला रीतसर लेखी पत्र लागतं. ते नसताना बाईनं दुसरं लग्न केलं तर त्या लग्नाची संततीच संशयात सापडते. कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, मग हे विधी झाले कसे, असा प्रश्न इस्रायलच्या धर्मपीठाला पडला. बेने इस्रायलांशी विवाहाला मनाई नाही असं मुख्य रब्बींनी आधी म्हटलं होतं, पण १९६२ मध्ये विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना गेली की या समाजातलं कोणी आलं तर त्याच्या आईची, आजीची आणि मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे पनवेलहून येऊन लोदमध्ये कारखान्यात लागलेल्या पोरानं लग्न ठरवलं की त्याला आपल्या पणजीचा हिशेब द्यायचा. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं, क्नेसेटनं, ठराव करून सांगितलं की हे लोक सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला त्या सूचनेतून या समाजाचं नाव काढावं लागलं.

त्या दोन-अडीच वर्षांत इस्रायलहून आलेल्या पत्रांत एक मागणी पुन्हा पुन्हा दिसते : आजीचा कागद असेल तर पाठवा, नसेल तर सिनेगॉगमधून दाखला आणा. घरोघरी ट्रंका उपसल्या गेल्या. ज्या कागदावर शिक्का होता तो तेव्हापासून मौल्यवान ठरला, आणि ज्यावर नुसतंच ‘इकडील सर्व क्षेम’ होतं तो तितकाच बिनकामाचा. पुरावे ट्रंकेत गेले आणि गप्पा रद्दीत. या पुस्तकाच्या संपादकांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली आहे. दाखले त्यांनी शेवटी घेतले आहेत आणि गप्पा पुढे. वंशावळीत नाव असलेली पणजी कशी बोलायची, कशावर चिडायची, कोणाला गुपचूप पैसे पाठवायची, हे शिक्क्याच्या कागदातून कधीच कळणार नाही.

ज्यूंच्या इतिहासात कागद टिकण्याची सर्वांत मोठी गोष्ट कैरोची. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक कोंदट खोली होती. देवाचं नाव असलेला कागद फाडू-जाळू नये, या रिवाजानं लोक तिथे जीर्ण पोथ्या टाकत, आणि हिब्रू लिपीतला कोणताही कागद तसाच टाकण्याची सवय पडल्यामुळे व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, भावाभावांची पत्रं, वाण्याची यादी हेही त्यात आलं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात सोलोमन शेख्टर यांनी तिथून सुमारे दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यात आपल्याच किनाऱ्याचा माग आहे. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला बरीच वर्षं राहिला, तिथे त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. ११४९ साली एडनला परतल्यावर त्यानं भावाला पत्र लिहिलं : मी सुखरूप पोचलो, तुमच्यातलं कोण हयात आहे ते कळवा, माझी मुलगी मला आपल्याच घरात द्यायची आहे, भावाच्या नाहीतर बहिणीच्या मुलाला. साडेआठशे वर्षांनी ते पत्र वाचताना माणसाला आपल्या आत्याचं पत्र वाचल्यासारखं वाटतं.

कोकणातल्या पत्रांना असं भाग्य लाभलं नाही, आणि त्याचा दोष एकट्या पावसावर टाकता येणार नाही. पाऊस आहेच. दमट हवा, वाळवी, कसर, बुरशी आणि २६ जुलै २००५ सारखा एखादा दिवस, इतकं पुरतं. पण ही पत्रं मराठीत होती, देवनागरीत नाहीतर मोडीत. त्यांना हिब्रू अक्षराचं कवच नव्हतं. जुनं प्रार्थनेचं पुस्तक रिवाजानुसार दफनभूमीत पुरलं जाई. मावशीचं पत्र रद्दीवाल्याच्या तराजूत जाई. घर बंद करून विमानात बसायचं, सामानाला वजनाची मर्यादा, अशा वेळी कोणी पत्रांचा गठ्ठा उचलत नाही.

युरोपातल्या ज्यू कुटुंबांच्या कागदांची तऱ्हा वेगळी आहे. तिथे पत्र मागे राहिलं ते माणूस मारला गेला म्हणून. वॉर्सॉच्या घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या सोबत्यांनी डायऱ्या, पत्रं, जाहिराती, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनंसुद्धा गोळा केली, पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरली. एक हिस्सा १९४६ साली खणून काढला, दुसरा १९५० साली सापडला, तिसरा आजवर सापडलेला नाही. बेने इस्रायलांच्या कागदांवर असं सावट नाही. शेजाऱ्यांनी आम्हांला कधी छळलं नाही, हे या समाजाची माणसं आपण होऊन सांगतात आणि या पत्रांतूनही तेच दिसतं. म्हणून युरोपातल्या शोकाचा रंग या पत्रांना देऊ नये. इथली ताटातूट स्वखुशीची होती, तरी ताटातूटच. रिंगेलब्लूम यांच्याकडून घ्यायची गोष्ट निराळी आहे : ट्रामचं तिकीट फालतू आहे असं त्यांनी मानलं नाही.

आता एक पत्र जवळून पाहू. डिमोनाहून १९६६ साली निघालेलं. थोरलीनं धाकटीला लिहिलेलं. हवाई पत्र म्हणजे एकच कागद. आतून मजकूर, बाहेरून पत्ता, घडी घालून कडा चिकटवायच्या. त्यामुळे जागा तोलून-मापून वापरावी लागे. थोरली आधी मोठ्या अक्षरात ऐसपैस सुरू होते, निम्म्यावर आल्यावर अक्षर बारीक होतं, मग समासात आडवं आणि शेवटी डिंकाच्या पट्टीवरसुद्धा. तिला आमसुलं हवीत, पण पार्सल नको, कोणी येणारं असेल तर त्याच्या हाती. पापड इथल्या कोरड्या हवेत एका दिवसात कडकडीत वाळतात, हे ती जरा अभिमानानं सांगते. मग नवऱ्याच्या नोकरीकडे येते आणि तिथे वाक्य तुटतं, कारण त्या जागी कागदाला चौकोनी भोक आहे. घरातल्या कोणा पोरानं तिकिटांच्या वहीसाठी तिकीट कापून घेतलं, आणि तिकिटाच्या मागे, आतल्या अंगाला, त्या चार ओळी होत्या. नोकरी लागली की सुटली हे त्या पोराच्या वहीत चिकटून बसलं. संपादकांनी मजकुरात ती जागा रिकामी ठेवली आहे, अंदाजानं भरलेली नाही.

फोटोंकडे वळताना एक इशारा. यात ‘ज्यू’ शोधायला जाल तर फसाल. नऊवारी नेसलेली, गळ्यात मंगळसूत्र असलेली बाई खुर्चीवर बसली आहे, कोट-टोपीतला नवरा मागे उभा, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. हा फोटो कोणत्याही मराठी घरातला असू शकतो. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हगदात, म्हणजे पेसाह सणाच्या पोथीत, त्या सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. चित्रकाराला त्यात वेगळं काही वाटलं नसणार. खूण असते ती कडेला. या संग्रहात भायखळ्याच्या एका चाळीतला फोटो आहे. गॅलरीत सात-आठ माणसं दाटीवाटीनं उभी, मधे पांढऱ्या साडीतली नवरी. सगळ्यांचं लक्ष नवरीकडे, आपलंही तिकडेच जातं. पण उजवीकडच्या दाराच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, तिरकी लावलेली एक बोटभर नळी दिसते. ती मेझुझा, ज्यू घरांच्या चौकटीवर लावतात ती. फोटोची कड नीट बसावी म्हणून कोणी कात्री चालवली असती तर आधी तीच गेली असती. जुन्या फोटोंच्या कडा कापू नयेत, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

फोटोची मागची बाजू तर पुष्कळदा पुढच्या बाजूहून बोलकी. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोंमागे स्टुडिओचं नाव-गाव छापलेलं असतं, त्यावरून काळ साधारण लावता येतो. पुढे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फोटो आले, मागे ‘चि. भाऊस सप्रेम’ असं लिहिलेलं. मग आले साठ-सत्तरच्या दशकातले छोटे चौकोनी फोटो, त्यांच्या मागे काहीच नाही, कारण ‘आपल्याला ठाऊकच आहे’. घरोघरीची खरी पडझड इथली. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव सापडतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या निम्म्या वऱ्हाडाची ओळख पटत नाही.

जपणुकीच्या तांत्रिक गोष्टी पुस्तकाच्या शेवटी एका टिपणात दिल्या आहेत, त्या पुन्हा सांगत नाही. पण काही बाबतीत मला गप्प राहवत नाही. लॅमिनेशन करू नका. दुकानदार पाच मिनिटांत करून देतो आणि ते पुन्हा कधीच निघत नाही. चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा कागद असलेले अल्बम ही सत्तरीतली आणि ऐंशीतली एक साथच होती. त्यातले फोटो पिवळे पडताहेत, ते ओढून न काढता खालून बारीक दोरा सरकवत सोडवावेत, आणि निघत नसतील तर पानासकट स्कॅन करून ठेवावेत. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावण्यापेक्षा ते फाटकं बरं. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन पुढे उमटतं. पाकीट कधी फेकू नये, कारण पुष्कळांनी पत्रात तारीख घातलेलीच नसते, ती पोस्टाच्या शिक्क्यात असते. स्कॅन दोन्ही बाजूंचा करावा. आणि स्कॅन झाला म्हणून मूळ कागद टाकून देणाऱ्या उत्साही भाच्याला आवरावं.

मात्र कागद टिकला म्हणजे इतिहास टिकला, असा समज झाला असेल तर तो काढून टाकायला हवा. या संग्रहातल्या काही पेट्या उत्तम स्थितीत होत्या आणि तरी मुक्या होत्या. इस्रायलमधल्या नातीला हिब्रू येतं, आजीचं देवनागरी येत नाही. पुण्यातल्या पुतण्याला देवनागरी येतं, पणजोबांच्या गहाणखतातली मोडी येत नाही. प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या नोंदी हिब्रू अक्षरांत, त्या दोघांपैकी एकालाच लागतात, आणि नोंदीतली माणसं कोण हे त्याला ठाऊक नसतं. तारखांचीही तीच गत. एकाच घरात एक पत्र इंग्रजी तारखेचं, दुसरं ‘बिरड्याच्या रोज्याला’, म्हणजे एका उपासाच्या दिवशी, लिहिलेलं, तिसऱ्यावर नुसतं ५७२४. हे हिब्रू वर्ष १९६३ च्या सप्टेंबरात सुरू होऊन १९६४ च्या सप्टेंबरात संपलं, म्हणजे धरण्याचं आणि क्नेसेटच्या ठरावाचं वर्ष. हे कळल्याशिवाय त्या पत्रातली ‘आमच्यावरचं बालंट टळलं’ ही ओळ कशाबद्दल आहे ते उलगडत नाही.

तेव्हा पहिलं काम स्कॅनरचं नाही. ज्यांना अजून दोन्हीकडचं वाचता येतं अशी सत्तरी-ऐंशीतली माणसं लोद, रामला, अश्दोद, ठाणे, पेण इथे आहेत. इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवणारी आणि वाचणारी पिढी तीच. त्यांच्यासमोर पेटी ठेवून बसायचं. पत्र त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं आणि ते बोलणं फोनमध्ये टिपायचं, कारण वाचता वाचता ती थांबतात आणि पत्रात नसलेलं सांगू लागतात. ‘हा कोण?’ असं विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं. ‘हा फोटो कुणी काढला, त्या दिवशी घरात आणखी कोण होतं?’ असं विचारलं तर तासभर बोलणं चालतं. नॅशनल लायब्ररी ऑफ इस्रायल किंवा तेल अवीवचं अनू संग्रहालय यांच्याकडे कागद ठेवण्याची सोय आहे, आणि ज्यांच्या घरात जागा नाही त्यांनी तिचा जरूर विचार करावा. पण कोणत्याही संग्रहालयाला तुमच्या मावशीचं टोपणनाव सांगता येणार नाही.

या समाजाला अशा सांभाळण्याची सवय नाही असंही नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर लेखक हयात नव्हते. मधली चाळीस वर्षं ते बाड जपलं गेलं, म्हणून आज या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याचा आधार मिळतो. मी आणि या पुस्तकाचे संपादकही त्याला अपवाद नाही.

राहिला प्रश्न अडचणीच्या पत्रांचा. गोड पत्रांचा संग्रह करणं सोपं. पण १९५२ साली इस्रायलमध्ये भेदभाव होतो म्हणून धरणं धरून शंभराहून अधिक माणसं भारतात परत आली, आणि पुढे त्यांतली बरीच पुन्हा गेली. त्या वेळची पत्रं बोचरी आहेत. ‘इथे आम्हांला काळे म्हणतात’ हे त्यांत आहे, आणि गंमत म्हणजे समाजात आपापसांत गोरे इस्रायल-काळे इस्रायल असा भेद पाळणाऱ्यांच्याच घरातलं ते आहे. हुंडा आहे, जमिनीच्या वाटणीवरून धरलेला अबोला आहे. काही घरांनी पत्रं दिली आणि मग विचार करून एक-दोन परत मागून घेतली. ती इथे नाहीत. संपादकांनी हट्ट धरला नाही हे बरं केलं, आणि जी मिळाली त्यांतलं बोचरं गाळलं नाही हे त्याहून बरं केलं. हयात माणसांची नावं बदलली आहेत, बाकी मजकुराला हात लावलेला नाही. शुद्धलेखन जसंच्या तसं आहे.

एका गोष्टीची मात्र वाचकानं तयारी ठेवावी. एकच माणूस गहाणखतात हसाजी असतो, शाळेच्या दाखल्यात इझिकेल, इस्रायली ओळखपत्रावर येहेझकेल आणि बहिणीच्या पत्रात नुसता ‘दादा’. आडनावही गावावरून असेल नाहीतर वडिलांच्या नावावरून. पुस्तकाच्या शेवटी घराघराप्रमाणे सूची आहे, तिच्यात अशी सगळी नावं एका ओळीत घेतली आहेत. ओळख न पटलेल्या चेहऱ्यांना तिथे फक्त क्रमांक आहेत. पहिली दहा-बारा पत्रं वाचताना नाती सुटू लागतील, तेव्हा त्या सूचीत बोट घालूनच वाचावं.